क्रोम चांगलं म्हणून जिंकलं का? अर्धंच खरं

चोपड्याच्या भाऊंचा प्रश्न असा: ई-सेवा केंद्रावर येणारा जो तो क्रोमच उघडायला सांगतो. मग ते सगळ्यांत चांगलं म्हणून जिंकलं का? आणि दुसरा ब्राउझर ठेवायची गरज आहे का?

चांगलं होतं, यात वाद नाही. पण नुसत्या चांगुलपणावर या धंद्यात कुणी जिंकल्याचं मला तरी दिसत नाही. आधी आयती जागा मिळावी लागते, आणि वर समोरच्याला झोप लागावी लागते.

नेटस्केपपासून बघा. इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा सुरुवातीचा ब्राउझर बनवणाऱ्या मार्क अँड्रीसेन यांनी नेटस्केप या नव्या कंपनीतून १९९४ च्या डिसेंबरात नेव्हिगेटर आणला आणि बघता बघता बहुतेक जग त्याच्यावर गेलं. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा स्वतःचा ब्राउझरच नव्हता. त्यांनी स्पायग्लास नावाच्या कंपनीकडून मोझेकचा परवाना घेतला आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर काढला. स्पायग्लासला विक्रीतला वाटा मिळायचा होता. मायक्रोसॉफ्टने वस्तू फुकटच वाटली, मग वाटा कशाचा? शेवटी १९९७ मध्ये ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

खरी गोम पुढे आहे. कपाशीच्या हंगामात डीएपीची गोणी मागितली की दुकानदार सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतो, ते लिंकिंग आपल्याला नवीन नाही. विंडोजचं तेच झालं. १९९६ मध्ये कॉम्पॅक कंपनीने आपल्या कॉम्प्युटरवरून एक्सप्लोररचं चिन्ह काढून नेटस्केपचं ठेवलं, तर मायक्रोसॉफ्टने विंडोजचा परवानाच काढून घेण्याची धमकी दिली. कॉम्पॅकने मुकाट्याने चिन्ह परत बसवलं. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने जो खटला भरला, त्यात हे सगळं बाहेर आलं. कोर्टाने २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश दिला, पुढच्या वर्षी अपिलात तो उलटला. मक्तेदारीचा ठपका मात्र कायम राहिला. पण तोवर नेटस्केपचा कारभार आटोपला होता.

नेटस्केप बिचारा आणि मायक्रोसॉफ्ट खलनायक, अशी गोष्ट सांगायची पद्धत आहे. मला ती पूर्ण पटत नाही. एक्सप्लोरर ४ खरोखर सरस होता. नेटस्केपने जुना कोड बाजूला टाकून नव्याने लिहायला घेतला आणि १९९७ च्या चौथ्या आवृत्तीनंतर थेट सहावी काढली, ती २००० च्या नोव्हेंबरात. तीन वर्षं दुकान बंद ठेवल्यावर गिऱ्हाईक थांबतं का कुठे?

मग मायक्रोसॉफ्ट झोपला. एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये, ७ आला २००६ मध्ये. मधल्या काळात त्याचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला, मग सुधारणा कुणासाठी करायची?

आपल्याकडे त्याला चिकटून राहायला आणखी एक कारण होतं. अमेरिकेत लिहिलेल्या इतिहासात ते सापडायचं नाही: फॉन्ट. युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकसारखी वाचता येणारी अक्षरांची पद्धत, रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट आपापला फॉन्ट वापरायच्या. मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटमधला हा फॉन्ट एक्सप्लोररमध्ये आपोआप उतरायचा. तीच बातमी मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. पद्मा नावाचं एक एक्स्टेंशन तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून द्यायचं, पण ते ठाऊक असणारा माणूस धुळ्या-जळगावात शोधावा लागायचा. कॅफेत येणारा सरळ एक्सप्लोररच्या निळ्या ‘ई’वर बोट ठेवायचा. त्याच्या लेखी तेच इंटरनेट. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला फायरफॉक्स टॅब, पॉप-अप रोखणं, सुरक्षितता या सगळ्यांत पुढे होता, पण मराठी वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

क्रोम आलं २ सप्टेंबर २००८ ला. प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये, त्यामुळे एक अडकला तर बाकीचे चालू. व्ही८ इंजिनामुळे जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातला प्रोग्राम, भन्नाट वेगात. जुन्या मशीनवरही फरक जाणवायचा. पण सोबत गूगलच्या मुखपृष्ठावरची जाहिरात होती, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये क्रोमही घ्या अशी टिकमार्क होती आणि पुढे गूगलचाच अँड्रॉइड आला, त्यात क्रोम आधीच बसवलेलं. ब्राउझरचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत क्रोमने मे २०१२ मध्ये एक्सप्लोररला गाठलं, नेट ॲप्लिकेशन्स या दुसऱ्या मोजणाऱ्यांच्या आकड्यांत २०१६ उजाडलं. कारण पहिले पानं मोजायचे, दुसरे माणसं. म्हणून कुणी टक्केवारी तोंडावर फेकली की आधी विचारायचं, मोजलंय काय?

मोबाइलवर मधली काही वर्षं वेगळीच गेली. साध्या जावा फोनवर ऑपेरा मिनी आणि यूसी हे ब्राउझर चालायचे, कारण पान त्यांच्या सर्व्हरवर दाबून लहान होऊन यायचं आणि नेट पॅक पुरायचा. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ती गरजच सरली. यूसीवर जून २०२० मध्ये भारतात बंदीच आली.

आयत्या जागेची किंमत किती, हे अमेरिकेतल्या गूगलवरच्या खटल्यात उघड झालं. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलं सर्च आधीपासून बसवून ठेवायला गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर दिले. त्यातला मोठा वाटा ॲपलला, थोडा मोझिलालाही. म्हणजे फायरफॉक्स जगतो तो बराचसा प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर! ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमध्ये गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. क्रोम विकायला लावावं ही सरकारची मागणी मात्र त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

आता दुसरा प्रश्न. ऑपेराने २०१३ मध्ये पान दाखवणारं आपलं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टच्या नव्या ब्राउझरने, एजने, २०२० मध्ये. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सगळ्यांच्या पोटात क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच पाया. तेव्हा एखादा फॉर्म क्रोममध्ये अडकला तर एजमध्ये उघडून फारसं काही कळायचं नाही, फायरफॉक्समध्ये उघडा. तो ठेवाच. एज काढू मात्र नका. डिजिटल सिग्नेचर मागणाऱ्या काही जुन्या साइट अजून एक्सप्लोररच शोधतात. तो १५ जून २०२२ ला बंद झाला, पण एजच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’खाली आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे. तो चालू करून साइटचा पत्ता तिथल्या यादीत टाका. ही नोंद तीस दिवसांत गळते, तेव्हा महिन्याने पुन्हा टाकावी लागेल.