दिघ्याच्या धाकटीला

घरात कुणी बारावीपुढे गेलं नाही, मग पर्यावरण-आरोग्यात एमएस्सी झेपेल का, असं विचारलंस. झेपेल गं. फक्त मार्कांआधी आकड्यांशी मैत्री कर. मी तिथेच अडखळले होते.

पीएम २.५ चंच, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचंच बघ. आपल्याकडे वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली फक्त ५. एवढी तफावत का, हे मुलाखतीत नीट सांगता आलं पाहिजे. धूर किती आहे एवढ्यावर आपला विषय संपत नाही. तो कुणाच्या छातीत, रोज किती तास जातो? ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा रिक्षावाला आणि एसी ऑफिसातला माणूस एकाच हवेत राहत असले, तरी सारखी हवा घेत नाहीत.

लॅब नाही म्हणून रडू नकोस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवरचे जवळच्या हवा-मोजणी केंद्राचे आकडे तीन महिने रोज एक्सेलमध्ये उतरव, शेजारी पाऊस-वाराही लिही. मग 'आर' या फुकट मिळणाऱ्या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढ. कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा ही वही जास्त बोलते, निदान माझ्या बाबतीत तरी तसंच झालं.

शिफारसपत्र मी शेवटच्या आठवड्यात मागितलं, चार ओळी मिळाल्या. तू आत्तापासून एका मॅडमना ती वही दाखवत राहा.

पैशांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजना तुझ्या प्रवर्गानुसार बघ. आणि जात पडताळणीचा अर्ज आजच काढ, त्याला वेळ लागतो.