तुमचा प्रश्न, निवृत्त फौजदाराचं उत्तर: शेवटचे चार आकडे

प्रश्न : गेल्या मंगळवारी पहाटे सव्वापाचच्या सुमारास मी बायकोला मोटारसायकलवरून साताऱ्याच्या एसटी स्टँडवर सोडायला निघालो होतो. नागठाणे सोडून शेंद्र्याच्या अलीकडे आलो, तेवढ्यात पुढच्या सायकलवाल्याला एका पांढऱ्या मोटारीने मागून उडवलं आणि ती न थांबता पुढे गेली. आम्ही थांबलो, १०८ ला फोन केला, बायकोने अंगावरची शाल त्याच्यावर घातली. पोलिसांची गाडी आलेली दिसली तसे आम्ही निघालो. त्या माणसाचा पाय मोडलाय, सिव्हिलमध्ये आहे असं कळलं. मोटार अजून सापडलेली नाही. बायकोला नंबराचे शेवटचे चार आकडे पाठ आहेत. वडील म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बाईमाणसाला ठाण्यात न्यायचंही जिवावर येतं. आठ दिवस गप्प बसलो म्हणून उलट आम्हालाच धरतील का?
– एक वाचक, ता. सातारा

उत्तर : दादा, तुमचं पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी मी संपादकांना तुम्हाला फोन करायला लावला. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे काम नव्हतं. निरोप एवढाच दिला होता की उद्याच्या उद्या जाऊन सांगा. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण असं गप्प बसलेलं घर तुमचं एकट्याचंच नाही.

आधी त्या चार आकड्यांचं बोलू. गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात आणि माणूस गेला तर घरच्यांना २ लाख. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम आहे, त्याआधी याहून पुष्कळ कमी होती. गाडी सापडली, की तिच्या विम्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावता येतो. तिथे बुडालेली मजुरी, ऑपरेशनचा खर्च, पाय कायमचा अधू राहिला तर पुढची कमाई, सगळं धरलं जातं. सायकलवरून पहाटे कामाला निघणाऱ्या माणसाच्या घरात या दोन्हींत किती फरक पडतो, ते मी वेगळं सांगायला नको.

गाडी कुठल्या बाजूला गेली तेही नक्की सांगा. साताऱ्यात न वळता सरळ पुण्याच्या दिशेने गेली असेल, तर पुढे आनेवाडीचा टोलनाका लागतो. चार आकडे, रंग आणि वेळ हाताशी असली तर तपासी अंमलदाराला शेकडो गाड्यांतून मोजक्या गाड्या वेगळ्या काढता येतात. पण टोलनाक्याचं काय नि ढाब्याचं काय, कॅमेऱ्यातलं चित्रण जन्मभर राहत नाही, त्याच्यावर नवीन चढत जातं. मला घाई वाटली ती यासाठी.

तुम्हाला कोणी धरणार नाही. उशिरा सांगितलं म्हणून गुन्हा लागत नाही. अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केली, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं आणि २०२० ला त्याचे नियम झाले. मदत करणाऱ्यावर दिवाणी, फौजदारी काहीही लादता येत नाही, साक्षीदार होण्याची सक्तीही करता येत नाही. तो आपणहून तयार झाला, तर त्याच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी, एकाच बैठकीत जबाब घ्यायचा. तुम्ही १०८ ला फोन केलात, तुमच्या घरातल्या माउलीने थंडीत अंगावरची शाल दिली. याला मदत नाही तर काय म्हणायचं?

आणि बाईमाणसाला ठाण्यात न्यायचा प्रश्नच येत नाही. जबाबासाठी स्त्रीला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही, हा नियम मी नोकरीला लागलो तेव्हाही होता, आजही आहे. तुम्ही जा, गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपास कोणाकडे आहे ते विचारा, आणि "बायकोचा जबाब घरी येऊन घ्या" असं सरळ सांगा.

मी हवालदार असताना उंब्रजच्या पुढे रात्रीचा असाच एक अपघात झाला होता. जागेवर इंडिकेटरच्या काचेचा नखाएवढा पिवळा तुकडा सापडला, बाकी काही नाही. रस्त्याकडेला शेंगा भाजणारी एक म्हातारी होती. ठाण्यात यायला कबूल नाही. मग तिच्याच पोत्यावर बसून जबाब लिहिला. ती म्हणाली, "एका डोळ्याची जीप होती बाबा, डावा डोळा फुटका." नंबर नाही, रंग नाही, तेवढंच. तिसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये डावा दिवा बदलायला आलेली जीप मिळाली आणि पंचांसमक्ष तो तुकडा तिच्या फुटक्या इंडिकेटरला लावून पाहिला, तर तंतोतंत बसला. म्हातारीने रंग ठोकून दिला असता, तर आम्ही भलत्याच गाड्या शोधत बसलो असतो.

म्हणून सांगतो, जेवढं पाहिलं तेवढंच सांगा. चारच आकडे आठवतात ना, मग पुढे एमएच ११ की कराडचं ५० याचा अंदाज बांधू नका. "ड्रायव्हर प्यालेला असणार" हे तुम्ही पाहिलेलं नाही. आज रात्रीच दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आपापलं आठवेल ते लिहून काढा आणि एकमेकांशी जुळवत बसू नका. तुमचं लक्ष रस्त्यावर होतं, त्यांचं नंबरावर. जबाबांत थोडा फरक राहिला तरी बिघडत नाही. पढवल्यासारखे एकसारखे जबाब मात्र वकील पाच मिनिटांत उसवतो. उशीर का झाला तेही खरं तेच लिहा, भीती वाटली म्हणून. जबाब वाचून घ्या, चुकलं असेल तर दुरुस्त करायला लावा. त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे, तेव्हा गोंधळू नका.

कोर्टाचं खोटं सांगणार नाही. समन्स येऊ शकतं, तेही दोन-तीन वर्षांनी. एखादी तारीख नुसती बसून जाईल. वडिलांना सांगा, ही पायरी आरोपीची नाही, साक्षीदाराची आहे. ठाणे अंमलदाराने टोलवलंच तर अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या, नाही दिली तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा.

प्रश्न : अंकलीच्या पुलावर अपघात दिसला, तर सांगलीला कळवायचं की कोल्हापूर जिल्ह्याला? नाव सांगावं लागतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पलीकडे उदगाव, म्हणजे शिरोळ तालुका, हे खरं. पण हद्द ठरवणं तुमचं काम नाही, ११२ लावा. नुसती खबर देणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. फिर्याद द्यायची असेल, तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे कुठल्याही ठाण्याला ती शून्य क्रमांकाने लिहून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. फोनवर फक्त एवढं सांगा: पुलाचं कुठलं टोक, किती माणसं पडलीत, आणि गाडीचं तोंड कुठल्या गावाकडे आहे.