परदेशात अडकलेल्या मुलांबद्दल परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत उत्तर द्यावंच लागतं का?

तुम्ही गडहिंग्लजहून विचारलंय, की कोल्हापुरातल्या एका एजंटानं नोकरीचं आमिष दाखवून परदेशी पाठवलेली मुलं तिकडे अडकलीत. खासदारांनी लोकसभेत प्रश्न विचारला तर परराष्ट्रमंत्री उत्तर द्यायला बांधील आहेत का, आणि खासदारांकडे नेमकं काय घेऊन जायचं?

आधी एक गोष्ट. मुलांना सोडवण्यासाठी संसदेची वाट बघू नका. प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव, शेवटचं ठिकाण आणि एजंटाला पैसे दिल्याचा पुरावा जोडून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार आजच टाका. तिचा क्रमांक लिहून खासदारांचं पत्र थेट मंत्र्यांना जाऊ द्या. एकेका माणसाच्या प्रकरणाला पत्रच लवकर लागू पडतं. पुन्हा असं घडू नये म्हणून सरकारनं काय केलं, हे वदवून घ्यायला संसदेतला प्रश्न.

आता तुमचा मूळ मुद्दा. दाखल करून घेतलेल्या प्रश्नाला उत्तर येतंच. राष्ट्रीय सुरक्षेचं किंवा सार्वजनिक हिताचं कारण देऊन मंत्री माहिती नाकारू शकतात, पण अशा विषयात ती वेळ क्वचित येते. खरी अडचण मोघम उत्तराची, आणि मोघम उत्तर बहुतेकदा मोघम प्रश्नातून येतं. ‘परदेशातल्या भारतीय तरुणांसाठी सरकार काय करत आहे?’ असं विचारलंत की ‘भारतीयांच्या सुरक्षिततेला सरकार सर्वोच्च प्राधान्य देते’ एवढंच हातात पडतं.

म्हणून प्रश्न तुम्हीच लिहून न्या, 150 शब्दांच्या आत, आणि अतारांकित मागा, म्हणजे ज्याला फक्त लेखी उत्तर मिळतं असा. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात. तारांकिताचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न लागतात आणि 11 ते 12 या तासात जेमतेम पाच-सहा पुकारले जातात. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. गोंधळात तास वाहून गेला तर सगळ्यांनाच. अतारांकित दिवसाला 230 घेतात, त्यांची उत्तरं लेखी असतात आणि सोबत तक्ते जोडता येतात. तुम्हाला तक्तेच हवेत.

पहिला भाग असा ठेवा: गेल्या तीन वर्षांत नोकरीच्या फसवणुकीच्या किती तक्रारी दूतावासांकडे आल्या आणि किती जणांना परत आणलं, वर्षवार आणि देशवार. दुसरा: त्यात महाराष्ट्रातले किती, आणि जिल्हावार नोंद ठेवली जाते का. नुसते ‘कोल्हापूर जिल्ह्यातले किती’ विचारलं तर ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ म्हणून विषय संपतो. ‘ठेवली जाते का, नसल्यास का नाही’ विचारलं तर ते नाहीपणही नोंदीवर येतं. तिसरा भाग सर्वात महत्त्वाचा. परदेशी नोकरीसाठीच्या भरतीवर नियंत्रण ठेवणाऱ्या 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटावर खटला भरायला पोलिसांना सहसा केंद्राची पूर्वमंजुरी लागते. तेव्हा महाराष्ट्रातून मंजुरीचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती आणि का रखडले, हे विचारा. हे काम परराष्ट्र मंत्रालयाचंच आहे, ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. याउलट ‘एजंटाला अटक का झाली नाही’ असं लिहिलंत की पोलीस हा राज्याचा विषय आहे, या एका वाक्यावर बोळवण होते. ज्या देशात मुलं अडकली त्याच्या सरकारवर राग काढणारा शब्दही नको. मित्रदेशाचा अनादरानं उल्लेख करणारा प्रश्न नियमातच बसत नाही.

वेळेचं गणित चुकलं तर बाकी सगळं वाया जातं. प्रश्न विचारणार असल्याची लेखी सूचना खासदारांना किमान पूर्ण 15 दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचे वार ठरलेले असतात, परराष्ट्र खात्याचा लोकसभेतला वार शुक्रवार आणि राज्यसभेतला गुरुवार. सूचना जास्त आल्या की क्रम सोडतीनं लागतो. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच मजकूर खासदारांच्या कार्यालयात पोहोचवा आणि एकाच शुक्रवारवर विसंबू नका. गडहिंग्लज कोल्हापूर मतदारसंघात येतं. फसलेली मुलं शिरोळ, इचलकरंजीकडचीही असतील तर हातकणंगल्याच्या खासदारांनाही गाठा, दोघांच्या सूचनांनी सोडतीत संधी वाढते.

उत्तर त्याच दिवशी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येतं. ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य दिसलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा सरकारी आश्वासन समिती करते. उत्तरातला आकडा चुकीचा आहे असा कागद तुमच्याकडे असेल, तर खासदार लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 115 खाली ती चूक लेखी दाखवून देऊ शकतात. ही वाट फार कमी जण वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

तारांकित पुढच्या अधिवेशनात. उत्तर मिळालेला प्रश्न तसाच पुन्हा विचारता येत नाही, म्हणून आधीच्या उत्तरातला एक आकडा धरून पुढचं विचारायचं: इतके प्रस्ताव रखडले होते, त्यांचं काय झालं? प्रश्न पुकारला गेला तर खासदारांना साधारण दोन पुरवणी प्रश्न, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर तिथेच विचारायचे जोडप्रश्न, मिळतात. अधिकाऱ्यांनी मंत्र्यांसाठी संभाव्य पुरवण्यांची तयारी करून ठेवलेली असते, त्यामुळे पुरवणीत भाषण नको. एक तारीख, एक आकडा आणि ‘कधीपर्यंत?’

मंत्री स्वतःहून निवेदन करतील अशी आशा धरली असेल, तर लोकसभेत निवेदनानंतर लगेच प्रश्न विचारता येत नाहीत. राज्यसभेत खुलासे मागण्याची प्रथा आहे, म्हणून तिथल्या एखाद्या सदस्यालाही तुमची माहिती देऊन ठेवा. शिवाय 31 सदस्यांची परराष्ट्र व्यवहार स्थायी समिती आहे. ती खात्याच्या सचिवांना समोर बसवून तासन्‌तास विचारू शकते. फसलेल्या कुटुंबांचं एकत्रित, सह्यांचं निवेदन तिच्या अध्यक्षांच्या नावे पाठवा, आणि सोबत ‘मदद’च्या तक्रारींचे क्रमांक जोडा.