वर कोरडं, खाली ओलं : गिनी पिगच्या अंथरुणाचे प्रश्न

प्रश्न : दोन गिनी पिगसाठी नवं फ्लीस आणलं, खाली टॉवेलही घातला. तरी सकाळी फ्लीसवर लघवीची तळी साचलेली असतात आणि दोघींची पोटं ओली. फ्लीस पाणी शोषत नाही का?

उत्तर : नाही शोषत, आणि त्याने शोषूही नये. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरचं मऊ कापड. त्याच्या धाग्यात पाणी मुरत नाही. त्याचं काम चाळणीचं आहे : वर पडलेलं खाली सोडायचं आणि स्वतः कोरडं राहायचं. शोषण्याची जबाबदारी खालच्या थराची. तुमच्याकडे चाळणीच तुंबलेली आहे, कारण नव्या फ्लीसवर कारखान्यात एक लेप चढवलेला असतो आणि लघवीचे थेंब त्यावर मण्यांसारखे उभे राहतात.

हा लेप धुऊनच जातो. बिनवासाची साबणपूड घालून, कापडाला चालेल तितक्या गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका. तो धाग्यावर पुन्हा तसाच लेप चढवतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. शेवटच्या खळबळीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं तर वास आणि साबणाचा अंश दोन्ही निघतात. (व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नको, विषारी वायू तयार होतो.)

फ्लीस तयार झालं की नाही हे पाहायला ते कोरड्या टॉवेलवर पसरा आणि मोठा चमचाभर, म्हणजे साधारण 15 मिली पाणी एकाच जागी ओता. काही सेकंदांत पाणी दिसेनासं झालं आणि जागेवर टिश्यू पेपर दाबला तर तो जेमतेम दमट झाला, की काम फत्ते. पाणी थबकलं किंवा घरंगळत कडेला गेलं, तर आणखी एकदा धुवा.

आता टॉवेलकडे वळू. गिनी पिग वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 100 मिली पाणी पितो, हिरव्या पाल्यातून पोटात जातं ते वेगळं. त्यातलं पुष्कळसं लघवीवाटे बाहेर येतं, आणि तेही पिंजराभर सारखं पसरत नाही. बहुतेक दोनच ठिकाणी येतं : सुकं गवत खायची जागा आणि लपायचं घर. म्हणजे एकाच टॉवेलचा मधला भाग ठणठणीत कोरडा आणि दोन कोपरे चिंब. त्या दोन जागी थर दुप्पट करा.

टॉवेल किती झेपवेल हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. आधी कोरड्याचं वजन करा. मग तो भिजवून, ठिबकणं थांबेपर्यंत धरून पुन्हा करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिली त्याने धरले. पण हा आकडा पुरता वापरू नका, निम्म्यावर आला की टॉवेल बदला. काठोकाठ भरलेल्या टॉवेलवर पाय पडला की पाणी पुन्हा वर येतं आणि वरचं फ्लीस कितीही चांगलं असलं तरी पोट भिजतंच.

एक चूक हमखास होते. गादीवर घालायचं वॉटरप्रूफ कव्हर खालचा थर म्हणून वापरतात आणि त्याची प्लॅस्टिकची बाजू वर ठेवतात. ती नेहमी तळाला. आणि फ्लीस खालच्या थराला चिकटून बसलं पाहिजे. मधे सुरकुती राहिली तर त्या जागेचं पाणी खाली उतरत नाही, त्यामुळे कडा थराखाली खोचून घ्या. लेंड्या रोज झाडा. तीन-चार दिवसांनी फ्लीस धुण्याआधी ते बाहेर झटकून ब्रशने केस आणि गवताच्या काड्या काढा, नाहीतर मशीनची जाळी तुंबते.

प्रश्न : कपडे धुणं जमणार नाही. मोकळं बेडिंग घ्यायचं तर कागदाचं की लाकडी भुशाचं? थर किती जाड असावा?

उत्तर : निव्वळ शोषण्याचा प्रश्न असेल तर कागदाच्या लगद्याचं बेडिंग उजवं. ते मऊ असतं आणि चांगल्या प्रतीचं असेल तर धूळ कमी. ॲस्पेन झाडाच्या लाकडाच्या रंध्याच्या ढलप्या आणि हेम्पचं (भांगेच्या जातीच्या झाडाच्या काड्यांचं) बेडिंगही चांगलं. पाइन फक्त भट्टीत सुकवलेलं घ्या. कच्च्या पाइनमध्ये आणि देवदारात जो 'छान लाकडी वास' असतो तो हवेत उडणाऱ्या द्रव्यांचा, आणि तो श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रासदायक. देवदार सुकवलेलं असलं तरी नको. पिशवी उघडून नाक जवळ नेल्यावर उग्र वास आला तर ती परत करा. करवतीचा बारीक भुसाही नको, तो शोषतो चांगला पण उडतो आणि थेट नाकात जातो.

थर निदान 5 सेंटिमीटर, शक्य असेल तर 7-8. पातळ थरात लघवी तळापर्यंत पोचते, प्लॅस्टिकवर पसरते आणि मग सगळं बेडिंग खालून भिजत जातं. पृष्ठभाग कोरडा दिसतो म्हणून फसू नका, बोटं तळापर्यंत घालून पाहा. कोपऱ्यातला ओला गोळा रोज दोनदा काढा, तेवढीच नवी भर घाला आणि आठवड्याला सगळं बदला.

दोन बेडिंगमध्ये निवड होत नसेल तर प्रत्येकी 50 ग्रॅम घेऊन 150 मिली पाणी घाला, दहा मिनिटांनी चाळणीतून गाळा आणि खाली किती उतरलं ते मोजा. मग चाळणीतलं बेडिंग मुठीत दाबून पाहा. काही बेडिंग पाणी भरपूर धरतात आणि जरा दाब पडला की सोडून देतात. गिनी पिगच्या वजनाखाली हेच होणार आहे.

प्रश्न : मांजरांच्या शी-शूसाठीची, ओली झाली की गोळा होणारी माती चालेल? आणि लाकडी पेलेट (भुसा दाबून केलेल्या कांड्या)?

उत्तर : माती नाही. गिनी पिग जे समोर येईल ते कुरतडतो. ही माती पोटात फुगते आणि आतडं तुंबू शकतं, शिवाय तिची धूळ. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाच्या तुकड्यांनाही नकार द्या : ओले झाले की बुरशी धरतात आणि गिळले गेले तर तेही अडकतात. लाकडी पेलेट मात्र शोषायला पटाईत. भिजल्या की फुटून भुसा होतो, त्यामुळे ओली जागा लगेच ओळखू येते. पण त्या कडक असतात आणि गिनी पिगच्या तळव्यांना केसांचं संरक्षण नसतं. गवताच्या जागेखाली ट्रेमध्ये 2 सेंटिमीटर पेलेट आणि वर फ्लीस किंवा कागदी बेडिंग, ही जोडी उत्तम जमते.

प्रश्न : बेडिंग म्हणून सुकं गवतच का नको? खायला आणि झोपायला एकच.

उत्तर : ते शोषत नाही, हेच कारण. लघवी काड्यांवरून खाली ओघळते, तळ कुजतो, बुरशी धरते, आणि तेच गवत गिनी पिग खातो. गवत रॅकमध्ये ठेवा आणि ते घालायचं तर शोषणाऱ्या थरावर.

प्रश्न : बेडिंग आठवड्याला बदलतो, तरी तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो. एकाचे तळवेही लाल झाले आहेत.

उत्तर : दोन्हींचं मूळ ओल्या कोपऱ्यात आहे. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि अमोनिया तयार होतो तो अंथरुणालगत, नेमका जिथे गिनी पिगचं नाक असतं. तुम्हाला उभ्याने वास येत असेल तर खाली बसून पिंजऱ्याच्या उंचीवर एकदा श्वास घेऊन पाहा. सुगंधी फवारा मारू नका, त्याने वास झाकला जातो आणि आणखी एक रसायन श्वासात जातं. पिंजरा बंदिस्त काचेच्या टाकीत असेल तर हवा खेळत नाही, तेही एक कारण.

लाल तळवा ही पोडोडर्मटायटिसची सुरुवात असू शकते. ओल्या किंवा खडबडीत तळाने कातडी सुजते, भेग पडते आणि तिच्यातून जंतू आत शिरतात. जास्त वजन आणि क जीवनसत्त्वाची कमतरता याला हातभार लावतात, कारण गिनी पिग हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. जाळीचा तळ असेल तर आजच झाका. सूज, खपली किंवा लंगडणं दिसलं तर घरी मलम शोधत बसू नका, पशुवैद्याकडे न्या. मागचा भाग सतत ओला राहणाऱ्या गिनी पिगवर उकाड्यात माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊ शकतात. अशा दिवसांत मागचा भाग रोज सकाळ-संध्याकाळ तपासा.

प्रश्न : ट्रेवर पांढरे, खरखरीत डाग बसले आहेत. घासून निघत नाहीत. हे आजाराचं लक्षण आहे का?

उत्तर : थोडी पांढरी भुकटी नेहमीचीच. गिनी पिग जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकतात, त्यामुळे वाळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा थर उरतो. साबणाला तो दाद देत नाही, आम्लाला देतो : व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन डागावर ओता, फसफसू द्या, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा, धुवा, पूर्ण वाळवा. ओला ट्रे परत बसवला तर पुढचा थर पहिल्या दिवसापासूनच खालून भिजलेला असतो.

डाग चिकट पेस्टसारखे किंवा वाळूसारखे दाट झाले, गिनी पिग कुबड काढून मुतू लागला किंवा मुतताना किंचाळला, तर मूत्राशयात गाळ किंवा खडा असू शकतो. फिक्या रंगाचं फ्लीस घ्यावं ते यासाठीच. लघवीत रक्त आलं तर लालसर डाग लगेच नजरेत भरतो. काही वेळा लघवी नुसती हवा लागूनही तांबूस होते, पण डोळ्यांनी रक्त आणि रंग वेगळे सांगता येत नाहीत. ट्रेवर पडलेली ताजी लघवी इंजेक्शनच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढून घेऊन त्याच दिवशी तपासणीला द्या.