हायस्कूलच्या बेसबॉल पिचरमध्ये (बॅटरला बॉल टाकणारा) अमेरिकन कॉलेजचे रिक्रूटर (टीमसाठी खेळाडू निवडणारे) नक्की काय बघतात? फक्त स्पीड?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सोफोमोर (दहावीत) आहे, राइटी (उजव्या हाताने टाकणारा), फास्टबॉल ताशी 82 मैलांना बसतो, आणि ट्रॅव्हल टीमचा (शाळेबाहेरच्या क्लबचा) कोच म्हणतो की 90 झाल्याशिवाय कोणी विचारणार नाही, आत्तापर्यंत एकाही डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) कॉलेजने उत्तर दिलेलं नाही. आम्ही न्यू जर्सीत असतो, आमचा मुलगा सध्या डिव्हिजन थ्रीमध्ये (तिसऱ्या पातळीवर) पिच करतो, हे सगळं जवळून बघितलंय म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, उत्तर येत नाही याचं टेन्शन घेऊ नका. डिव्हिजन वनच्या बेसबॉल कोचला ज्युनियर वर्षाच्या (अकरावीच्या) आधीच्या 1 ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगबद्दल बोलायची परवानगीच नाही, त्यामुळे आत्ताच्या शांततेचा अर्थ नकार असा लावू नका.

आता स्पीड. रडार गन बघतातच, त्यात वाद नाही. मोठ्या कॉलेजांना राइटी साधारण 90 च्या आसपास लागतो (ताशी 145 किमी, म्हणजे बुमराहचे वेगवान बॉल असतात तेवढं), लेफ्टीला दोनचार मैल कमी चालतात, डिव्हिजन थ्रीत 80 ते 85 वाली भरपूर पोरं खेळतात. पण सोफोमोरच्या बाबतीत आजच्या आकड्यापेक्षा दोन वर्षांनी हा किती टाकेल याचा अंदाज बांधला जातो. उंची, खांदे, अंग अजून भरायचंय का, हात किती मोकळा फिरतो, आणि हो, स्टँडमध्ये बसलेल्या आईवडिलांची उंचीसुद्धा बघून घेतात.

मॅचमध्ये ते काय करतात ते नीट बघा एकदा. पहिल्या बेसवर रनर आला की बॅकस्टॉपमागचे (कॅचरच्या मागच्या जाळीमागचे) काही जण लगेच स्टॉपवॉच काढतात, पिचर हलला तिथपासून बॉल कॅचरच्या मिटमध्ये जाईपर्यंत साधारण 1.3 सेकंद किंवा कमी हवेत, 1.5 लागले तर चांगला रनर आरामात दुसरा बेस चोरतो (पिच पडेपर्यंत धावत तिथे पोचतो). मग बघतात पहिला पिच स्ट्राइक (बॅटरच्या टप्प्यात) जातो का, 2-0 काउंटला (दोन पिच टप्प्याबाहेर, स्ट्राइक एकही नाही) बॅटर फास्टबॉलची वाट बघत असताना चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू बॉल) टाकायची हिंमत आहे का, आणि तो टाकताना हाताचा स्पीड फास्टबॉलसारखाच राहतो का. हायस्कूलमध्ये फास्टबॉलवर निभावून जातं, कॉलेजचे बॅटर मात्र एकच पिच असलेल्याला दुसऱ्यांदा समोर आला की फोडतात. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) जमिनीवरून आलेला सोपा बॉल सोडला की पोराचा चेहरा कसा होतो, हात उडवतो का, तेही लिहून घेतात. मॅच संपल्यावर बॅग मुलगा उचलतो की आई, यावरही लक्ष असतं, तेव्हा प्लीज तुम्ही उचलू नका.

आता कोपराबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतोय. 82 चे 90 करायच्या नादात पोरं हिवाळ्यात वेलो प्रोग्रॅम (स्पीड वाढवायचं ट्रेनिंग), वसंतात स्कूल, उन्हाळ्यात ट्रॅव्हल आणि मधे शोकेस (रिक्रूटरसमोर खेळून दाखवायचे कार्यक्रम) असं वर्षभर जोर लावून टाकत राहतात. 2024 च्या डिसेंबरमध्ये एमएलबीचाच (मेजर लीग बेसबॉल, अमेरिकेतली व्यावसायिक लीग) पिचर इंज्युरीवरचा रिपोर्ट आला, त्यातही स्पीडच्या मागे धावणं आणि प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकणं याकडेच बोट दाखवलंय. टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या लिगामेंटची) झाली की पुन्हा पिच करायला वर्ष ते दीड वर्ष जातं, म्हणजे रिक्रूटिंगचा सगळा काळ त्यातच संपतो. पिच स्मार्ट या एमएलबी आणि यूएसए बेसबॉलच्या गाइडलाइनप्रमाणे 15-16 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच, आणि 76 किंवा जास्त झाले तर चार दिवस पूर्ण आराम. कोच काहीही म्हणो, काउंट तुम्ही स्वतः वहीत लिहा. शनिवारी स्कूलकडून आणि रविवारी ट्रॅव्हलकडून टाकलं तर दोन्ही कोचना एकमेकांचा आकडा माहीतच नसतो.

मार्कांचा फायदा लोक कमी लेखतात. डिव्हिजन वनसाठी 16 कोअर कोर्स (इंग्लिश, गणित, सायन्ससारखे ठरलेले विषय) आणि 2.3 जीपीए लागतोच, पण तो फक्त किमान. डिव्हिजन थ्रीत स्पोर्ट्स स्कॉलरशिप नसतेच, तिथे पैसे मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मिळतात, आणि एमआयटी, जॉन्स हॉपकिन्ससारखी कॉलेजं याच डिव्हिजनमध्ये आहेत. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) मोठे कोच 21-22 वर्षांचे तयार पिचर उचलतात, बऱ्याच ठिकाणी रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची संख्या) आता 34 वर आलंय, त्यामुळे हायस्कूलच्या पोरांच्या जागा कमी झाल्यात. ज्युनियर कॉलेजात (हायस्कूलनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज, आपलं अकरावी-बारावीचं नव्हे) दोन वर्षं काढून पुढे जाणारेही खूप असतात, तो रस्ता कमीपणाचा समजू नका.

आत्ता करायचं काय तर दोन मिनिटांचा व्हिडिओ बनवा, कॅचरच्या मागून आणि बाजूने, म्युझिक नको. मेलमध्ये ग्रॅज्युएशनचं वर्ष, उंची-वजन, जीपीए, पिचचे स्पीड, आणि पुढे कुठल्या तारखेला कुठल्या ग्राउंडवर तो टाकणार आहे ते. ही शेवटची ओळ बरेच जण विसरतात, आणि कोचला खरी तीच हवी असते. मेल मुलालाच लिहू द्या, स्पेलिंग तपासण्यापलीकडे हात लावू नका.