पलंगाखालच्या चार विटा

‘साठीनंतर पचन चांगलं राहावं, ॲसिडिटी होऊ नये म्हणून काय खावं?’ असं तुम्ही विचारलंय. काय खावं ते सगळ्यांना ठाऊक असतं हो. तेलकट कमी, तिखट कमी, चहा कमी. मी विटांचं सांगणार आहे. आमच्या घरात त्यावरून तीन वर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

वय 66. कंडक्टरकी केली. मुक्कामाची गाडी असली की रात्री साडेदहाला गावात पोचायचं, वे-बिल पुरं करायचं, कॅश मोजायची, डब्यातली गार भाकरी नि पिठलं खायचं आणि गाडीतच आडवं व्हायचं. कधी घशाशी आलं नाही. दगड पचवतो अशी मिजास होती.

तीन वर्षांपूर्वी आषाढीला मेहुण्यांकडे होतो. उपास म्हणजे कसला, सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, रात्री साडेनऊला साबुदाणा वडे. मी सात खाल्ले. अकराला झोपलो आणि दोनला खोकल्यानं जाग आली. तोंडात आंबट-कडू पाणी, छातीत मधोमध निखारा ठेवल्यासारखं. मेहुणे बँकेतून रिटायर, पण घरातली डॉक्टरकी त्यांच्याकडेच. ‘दाजी, पित्त आहे, थंड दूध घ्या.’ घेतलं. अर्धा तास बरं वाटलं, मग दुप्पट जळायला लागलं. मग सोड्याचं पाकीट पाजलं. मला बीपी, आणि त्या सोड्यात सोडियम ठासून भरलेलं. मग पाठीशी तीन उशा. शेवटी पावणेचारला त्यांच्या पोरानं रिक्षा आणली.

ईसीजी नीट आला. मी ओशाळून म्हणालो, उगाच उठवलं तुम्हाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘उगाच नाही. या वयात छातीत असं झालं तर ते पित्तच आहे हे घरी बसून कुणी ठरवायचं नाही. घाम फुटला, दम लागला, हातात किंवा जबड्यात कळ गेली तर दूध शोधत बसायचं नाही.’ मेहुणे शेजारीच उभे होते. खिडकीबाहेर बघत होते.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं की वयामुळे ॲसिड वाढतं असं नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला झडपेसारखा स्नायू असतो, तो ढिला पडतो. मला लगेच कळलं. जुन्या गाडीचं दार असायचं, खटका लावला तरी खड्डा आला की आपोआप उघडायचं. तसंच हे. वर माझी बीपीची ॲम्लोडिपिन, तीही तो स्नायू सैल करू शकते. आणि गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या पेनकिलर पोटाचं अस्तर खरवडत होत्या. बीपीची गोळी त्यांनीच बदलून दिली. तुम्ही स्वतःच्या मनानं बंद करू नका.

शेवटी म्हणाल्या, पलंगाची डोक्याकडची बाजू 6 इंच उचला. घरी आलो आणि दोन पायांखाली दोन-दोन विटा आडव्या घातल्या. एका विटेची जाडी 3 इंच, हिशेब सोपा. बायको म्हणाली, ‘विठोबा निदान विटेवर उभा राहतो, तुम्ही झोपता!’ आणि मेहुणे फोनवर, ‘तीन उशांनी तेच होतं की.’

तेच होत नाही. उशांनी मान मोडते, कंबरेत घडी पडते आणि पोट उलट दाबलं जातं. उतार सगळ्या धडाला हवा. मला तर विटा लावल्यावर आठवलं, मुक्कामाची गाडी आम्ही उतारावर लावायचो, सकाळी सेल्फ नाही लागला तर ढकलून चालू व्हावी म्हणून. गाडीचं तोंड उताराकडे, आणि मी मधल्या पॅसेजमध्ये अंथरूण टाकून डोकं मागच्या सीटकडे करायचो, नाहीतर रक्त डोक्यात उतरायचं. म्हणजे इतकी वर्षं विटांवरच झोपत होतो! (तेव्हा वयही तिशी-चाळिशीचं होतं, हेही खरं.)

बाकी, जेवण आणि झोप यांत तीन तास पाहिजेत. आमच्याकडे मालिका संपल्याशिवाय ताट येत नव्हतं. आता मी साडेसातला स्वतः वाढून घेतो. डाव्या कुशीवर झोपा, त्यामुळे जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. पायजम्याची नाडी सैल बांधा. पचनाचं म्हणाल तर कवळी डबीत ठेवून जेवू नका, चावायला ती लागते. बद्धकोष्ठ अंगावर काढू नका, कुंथण्यानंही पोटावर दाब येतो. ॲसिड कमी करणारी पँटोप्राझोल डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्या, पण वर्षानुवर्षं मनानं चालू ठेवू नका. त्यानं अंगातलं बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं.

हे राहिलंच. घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर विटा राहू द्या, आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. खाली कप्पे असलेला पलंग असेल तर विटा लागत नाहीत, गादीवर फोमचा उतार मिळतो. आणि जेवणानंतर शतपावली घाला असं मेहुणे म्हणतात ते बरोबर आहे, तेवढं मी मान्य करतो.

गेल्या महिन्यात ते मुक्कामाला आले होते. मी हॉलमध्ये झोपलो, पलंग त्यांना दिला. सकाळी चहा झाला, पोहे झाले, विषय नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाले, ‘दाजी, विटाच लागतात का सिमेंटचा ब्लॉक चालतो?’


चालतो म्हटलं. दोन्ही पायांखाली सारखा घाला.