क्षमा केली, पण भरवसा?

पहिल्या भेटीतच त्या बाईंनी विचारलं, "मॅडम, मैत्रिणीला क्षमा करायला जमत नाही. म्हणजे माझा विश्वासच कच्चा का?"

जवळच्या माणसानं दगा दिलेली ख्रिस्ती माणसं माझ्याकडे बहुधा हाच प्रश्न घेऊन येतात. दुखणं राहतं बाजूला, अपराधीपणच आधी बोलतं. (या बाईंची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.)

संसारातली एक नाजूक गोष्ट त्यांनी जिवलग मैत्रिणीला सांगितली होती, कुणाजवळ बोलू नकोस असं बजावून. आठवड्याभरात ती गोष्ट चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत पोचली, तीही प्रार्थनाविनंती म्हणून! चुगलीवर प्रार्थनेचं पांघरूण घातलं की सांगणारीला काही वाटत नाही, आणि ऐकणाऱ्या डोळे मिटून आमेन म्हणतात. पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, पेला हातात आला, तो बाईंनी ओठाला न लावताच शेजारी दिला. मैत्रीण दोन बाकं पुढे बसली होती.

क्षमेचा विषय मी काढलाच नाही. बायबलमधलं 55वं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यात दगा खाल्लेला माणूस म्हणतो: निंदा करणारा वैरी असता तर सोसलं असतं. पण तो तू निघालास, माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात असे. इथं त्यांना रडू फुटलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसून त्यांनी पुढची ओळ वाचली आणि थबकल्या. "अशांना मरण गाठो? देवाला असं म्हटलेलं चालतं?"

चालतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी ऐकवलं होतं ते मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, 18व्या अध्यायातलं, 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा कर. त्या दिवसापासून त्या रोज रात्री देवाशी भांडू लागल्या. भांडता भांडता झोप लागायची, म्हणाल्या. कित्येक आठवड्यांनी लागलेली झोप.

चौथ्या भेटीत नवी काळजी. "तिनं माफी मागितली. मी मनापासून क्षमा केली. पण आता तिला काही सांगावंसं वाटत नाही. हे ढोंग झालं का?"

मी बायबलमधल्या योसेफाची आठवण दिली. त्याला विकून टाकणारे भाऊ पुढे त्याच्याकडेच धान्य मागायला आले, तेव्हा त्यानं त्यांना ओळखलं, बाजूला जाऊन रडलाही. पण स्वतःची ओळख लगेच दिली नाही. आधी त्यांची पारख केली.

"म्हणजे पारखायला हरकत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी पेला घेतला. मैत्रिणीशी हवापाण्याच्या गप्पाही झाल्या. तेवढ्याच.